दराची बेगमी करावी का?

नमस्कार ताई,

आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला भाड्याच्या घरात राहतो. मी, नवरा आणि सात वर्षांची मुलगी. सासूबाई-सासरे गणपतीसाठी सांगलीहून आलेत, फेब्रुवारीपर्यंत राहतील. गणपती बसले त्याच दिवशी, २७ ऑगस्ट २०२५ला, बातमी आली की १ ऑक्टोबरपासून गॅस-विजेचे दर वाढणार. तेव्हापासून घरात रोज हाच विषय. आमचा जुना फिक्स (ठरावीक मुदतीसाठी बांधून घेतलेला दर) संपून वर्ष झालं, सध्या बदलत्या दरावर आहोत. आमच्याच कंपनीने दोन वर्षांचा फिक्स देऊ केलाय, महिना १५८ पौंड. दुसऱ्या एका कंपनीचा एक वर्षाचा आहे, महिना १६०. नवरा म्हणतो, आपलाच घेऊ, दोन पौंड कमी आणि दोन वर्षं डोक्याला ताप नाही. लेस्टरचे भावजी म्हणतात, फिक्स करूच नका, सरकारची कॅप म्हणजे कमाल मर्यादा आहे, १,७५५ पौंडांच्या वर बिल जाऊच शकत नाही. मला भीती वाटते, कारण ऑगस्ट २०२२ मध्ये घाबरून आम्ही दोन वर्षांचा फिक्स केला होता आणि पुढे शेजारीपाजारी कमी भरत होते तेव्हा आम्ही जास्त भरत बसलो. त्यात एप्रिलमध्ये भाडेकरार संपतो, जमलं तर स्वतःचं घर घ्यायचंय. आणि सासूबाईंचं म्हणणं, पितृपक्षात नवीन काही नको. काय करू? दोन्ही कोटेशनं आणि वर्षभराचं बिल सोबत पाठवलंय.

— स. कु., रेडिंग

प्रिय स. कु.,

बिल पाठवलंत ते फार बरं केलंत. या विषयावरची बहुतेक पत्रं ‘आमचे महिन्याला इतके जातात’ एवढ्यावरच थांबतात, आणि त्या आकड्यावरून मला काहीच सांगता येत नाही. तुमच्या बिलावर वर्षभराची युनिटं स्वच्छ छापली आहेत: विजेची ३,६००, गॅसची १३,०००. या दोन आकड्यांवर आपलं सगळं भागेल.

उत्तर आधीच सांगून टाकते. दुसऱ्या कंपनीचा एक वर्षाचा फिक्स घ्या. मात्र एका प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडून लेखी आल्याशिवाय घेऊ नका. तो प्रश्न पुढे येईल.

आता भावजींचं. त्यांना माझा नमस्कार सांगा आणि विचारा, पुण्यात रिक्षाचा दर सरकार ठरवून देतं म्हणून कात्रजहून निगडीचं भाडं कधी कमी झालंय का? ऑफजेम म्हणजे इथली गॅस-विजेची नियामक संस्था. तिची प्राइस कॅप रिक्षाच्या दरासारखी आहे. एका युनिटला जास्तीत जास्त किती घ्यायचे आणि वापर असो-नसो लागणारा रोजचा स्टँडिंग चार्ज जास्तीत जास्त किती लावायचा, एवढंच ती ठरवते. बातम्यांत येणारा १,७५५ पौंडांचा आकडा एका नमुन्याच्या घराचा आहे. वर्षाला विजेची २,७०० आणि गॅसची ११,५०० युनिटं वापरणारं, डायरेक्ट डेबिटने, म्हणजे बँकेतून दरमहा परस्पर पैसे भरणारं घर. तुम्ही त्याहून जास्त वापरता. ऑक्टोबर २०२५च्या कॅपच्या दराने तुमचा हिशोब असा होतो. वीज २६.३५ पेन्स युनिट, गॅस ६.२९ पेन्स युनिट, स्टँडिंग चार्ज विजेचा रोज ५३.६८ पेन्स आणि गॅसचा ३४.०३. वर्षाचे झाले २,०८६ पौंड. भावजींच्या ‘वर जाऊच शकत नाही’पेक्षा ३३१ पौंड वर. (हे दर देशभराची सरासरी आहेत. १४ विभागांत ते थोडे मागेपुढे असतात, त्यामुळे तुमच्या विभागाचे नेमके दर बिलावरून घ्या.)

शिवाय ही कॅप काही वर्षभर एका जागी बसत नाही. १ जानेवारी २०१९ला ती लागू झाली तेव्हा सहा महिन्यांनी बदलायची, आता दर तीन महिन्यांनी बदलते. म्हणजे ज्या छपराखाली भावजी निवांत बसलेत, ते छप्परच वर्षातून चार वेळा वरखाली होतं.

जाता जाता एक गंमत पाहा. ‘दर वाढले, दर वाढले’ म्हणून जो गलका चाललाय, त्यात गॅसचं युनिट प्रत्यक्षात किंचित स्वस्त झालंय. जुलैत ६.३३ पेन्स होतं, ऑक्टोबरपासून ६.२९. वीज मात्र २५.७३ वरून २६.३५ वर गेली. पण खरी वाढ आहे स्टँडिंग चार्जमध्ये. गॅसचा २९.८२ वरून ३४.०३ पेन्स, विजेचा ५१.३७ वरून ५३.६८. नमुन्याच्या घराचं वर्षाचं बिल १,७२० वरून १,७५५ झालं. त्या ३५ पौंडांतले सुमारे २४ एकट्या स्टँडिंग चार्जचे आहेत. गरजू घरांना हिवाळ्यात १५० पौंडांची सूट देणारी वॉर्म होम डिस्काउंट योजना यंदा, २०२५च्या हिवाळ्यात, बऱ्याच जास्त घरांपर्यंत जाणार आहे. तो खर्च सगळ्यांच्या बिलांतून वसूल होतो, हे या वाढीचं एक मोठं कारण. योजनेबद्दल माझी तक्रार नाही. सांगायचं एवढंच की या वाढीतला मोठा भाग तुम्ही घरात दोन स्वेटर घालून बसलात तरी कमी होणार नाही. तो रोज पहाटे मीटरवर चढतोच.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या यजमानांचे ते दोन पौंड.

१५८ आणि १६० हे दोन्ही आकडे बाजूला ठेवा. डायरेक्ट डेबिटचा आकडा म्हणजे भाव नव्हे, हप्ता. वर्षभराच्या खर्चाचा अंदाज बांधून त्याचे बारा तुकडे करतात, म्हणजे जानेवारीचा डोंगर आणि जुलैची सपाटी एकसारखी होते. हा हप्ता कंपनी किती ठेवते, ते तिचा अंदाज काय आणि तुमचे किती पैसे तिच्याकडे आधीच जमा आहेत, यावर अवलंबून असतं. तुमच्या बिलाच्या दुसऱ्या पानावर खाली, बारीक अक्षरांत, ‘क्रेडिट’ १४० पौंड लिहिलंय. उन्हाळ्यात कमी वापरलंत, हप्ता तेवढाच गेला, म्हणून ते साठले. तुमचेच पैसे.

आता तुमच्या कंपनीचा दोन वर्षांचा फिक्स तुमच्याच युनिटांवर लावून पाहू. वीज २५.६ पेन्स, स्टँडिंग चार्ज ५४. गॅस ६.१, स्टँडिंग चार्ज ३४. वर्षाचे होतात २,०३६ पौंड. बाराने भागा, महिना जवळजवळ १७० येतात. मग १५८ कुठून आले? २,०३६ मधून तुमचे १४० वजा करा, १,८९६ उरतात. त्यांना बाराने भागा. बरोबर १५८. तुमच्याच जमा पैशांची सूट करून ती तुम्हालाच दाखवली आहे. हे बेकायदा नाही, कोटेशनमध्ये ते लिहिलंयसुद्धा. पण आपल्याकडे सेलच्या आदल्या रात्री साडीच्या किमतीचं लेबल बदलतात ना, त्याची मला आठवण आली.

दुसऱ्या कंपनीचा फिक्स: वीज २४.२, स्टँडिंग चार्ज ५०. गॅस ५.८, स्टँडिंग चार्ज ३१. वर्षाचे १,९२१ पौंड, महिना १६०. इथे काही वजा केलेलं नाही, कारण त्यांच्याकडे तुमचा एक पैसाही जमा नाही. तुम्ही तिकडे गेलात की जुनी कंपनी शेवटचं बिल काढून उरलेले पैसे परत करते.

म्हणजे यजमानांना दोन पौंडांनी स्वस्त वाटणारी योजना वर्षाला ११५ पौंडांनी महाग आहे. त्यांना लगेच दाखवू नका हो. चहा झाल्यावर दाखवा.

तर कॅपवर राहिलात तर २,०८६, घरच्या कंपनीकडे २,०३६, नव्या कंपनीकडे १,९२१. तुम्हाला रास्त शंका येईल की दर वाढत असताना कॅपपेक्षा १६५ पौंडांनी स्वस्त फिक्स कुणी कशाला देईल? यात काही काळंबेरं आहे का?

नाही. यासाठी आपल्या आज्यांची बेगमी आठवा. एप्रिल-मे महिन्यात वर्षाचा गहू, तांदूळ, डाळी, मिरच्या भरून ठेवायच्या. तेव्हा माल नवा, बाजारात आवक भरपूर. श्रावणात किराणा दुकानात काय भाव होईल याची चिंता नको. फिक्स ही दराची बेगमी आहे. आज घाऊक बाजारात पुढच्या वर्षभराचा गॅस आणि वीज ज्या भावाने मिळते, त्यावर कंपनी फिक्सचा दर बेतते. कॅपचं गणित मात्र मागे बघून होतं. ऑक्टोबरच्या कॅपमध्ये घाऊक बाजाराचा जो भाव धरलाय तो साधारण मेच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतच्या सौद्यांवरून काढलेला. म्हणजे कॅप ही गेल्या हंगामाच्या भावाची पाटी आणि फिक्स हा पुढच्या हंगामाचा सौदा. आज पाटीपेक्षा सौदा स्वस्त आहे. याचा अर्थ पुढे भाव फार भडकतील असं बाजाराला आज वाटत नाही, आणि नवं गिऱ्हाईक ओढायला कंपन्या एकमेकींपेक्षा दर खाली उतरवत आहेत.

यातून एक गोष्ट निघते, ती नीट ध्यानात घ्या, पुढच्या वर्षीही उपयोगी पडेल. कॅप वाढल्याची बातमी ही फिक्स करण्याची घंटा नाही. ती बातमी येते तोवर बाजार त्या भावावरून केव्हाच पुढे गेलेला असतो. खरी घंटा वेगळी असते: फिक्सचे दर आठवड्या-आठवड्याला चढू लागतात, चांगल्या योजना बंद होतात. २०२१च्या शरद ऋतूत असंच झालं. घाऊक गॅस भडकला, फिक्सचे दर कॅपच्या खूप वर गेले, आणि त्या वेळी भावजींचा सल्ला, काही करू नका, कॅपखाली गप्प बसा, हाच बरोबर होता. भावजी तिथेच राहिलेत असं दिसतं.

आणि बेगमीत एक फरक आहे, तो सासूबाईंनाही सांगा. आजीने दोन पोती गहू भरला तर दोन पोतीच. इथे फक्त दर बांधला जातो, वापर नाही. घरात यंदा दोन माणसं वाढलीत, दिवसभर घरी असतील, सांगलीच्या माणसाला रेडिंगचा नोव्हेंबर म्हणजे काय ते मी सांगायला नको. हीटिंग जास्त चालेल, युनिटं १३,०००च्या वर जातील, आणि बिल १,९२१च्या पुढे जाईल. तेव्हा ‘फिक्स केलं होतं ना!’ म्हणून कुणी कुणावर ओरडू नये. उलट वापर वाढणार असेल तेव्हाच स्वस्त युनिटाचा फायदा जास्त.

आता २०२२चं. त्यावर थोडं थांबते, कारण पत्रात तुम्ही ते एका वाक्यात उरकलंत, पण तुमची सगळी भीती तिथेच आहे.

तो ऑगस्ट आठवा. रशियाने फेब्रुवारीत युक्रेनवर हल्ला केलेला, युरोपातला गॅस आभाळाला टेकलेला. एप्रिलमध्ये कॅप १,२७७ वरून १,९७१ झाली होती. २६ ऑगस्टला ऑफजेमने ऑक्टोबरची कॅप सांगितली, ३,५४९. पुढच्या एप्रिलमध्ये ती ६,०००च्या वर जाईल असे जाणकारांचे अंदाज छापून येत होते. त्या आठवड्यात ज्याने घाबरून दोन वर्षांचा फिक्स केला त्याला मी मूर्ख म्हणणार नाही. मी स्वतः फोन कानाला लावून चाळीस मिनिटं रांगेत होते. माझा नंबर लागला तेव्हा योजना संपली होती. त्या रात्री मी रडायची बाकी होते.

मग ८ सप्टेंबरला सरकारने जाहीर केलं की नमुन्याच्या घराचं बिल २,५०० पौंडांच्या आसपास राहील असे दर आम्ही धरून ठेवू, वरचे पैसे सरकार भरेल. फिक्स केलेल्यांच्या दरातही तेव्हा सूट दिली गेली, म्हणून तो पहिला हिवाळा तुम्हाला तितकासा जड गेला नसेल. त्या ६,०००च्या भाकिताचं काय झालं? एप्रिल २०२३ची कॅप ३,२८० आली, आणि जुलैत ती २,०७४ वर उतरली.

तुम्ही अडकलात ते त्यानंतर. २०२३च्या जुलैत कॅप खाली आली, तुमचा दर वरच राहिला, आणि तुम्ही आणखी वर्षभर तो भरत राहिलात. का? ‘करार मोडला तर एक्झिट फी पडेल’ म्हणून. त्या दिवशी कागद घेऊन बसला असतात तर दिसलं असतं की एक्झिट फी एकदाच भरायची असते आणि महाग दर रोज. माझ्या मते तुमची चूक ऑगस्ट २०२२मध्ये झालीच नाही. ती जुलै २०२३मध्ये झाली, जेव्हा तुम्ही बिलाकडे बघायचंच सोडलंत. दुधाने तोंड पोळलं होतं हे खरं, पण म्हणून ताक फुंकण्यात आणखी एक वर्ष घालवू नका.

म्हणूनच आताच्या सौद्यात तुमचं किती नुकसान होऊ शकतं, ते आधीच मांडून ठेवू. नवी कंपनी एक्झिट फी घेते वीज आणि गॅस प्रत्येकी ५० पौंड, मिळून १००. तुमचा फिक्स ऑक्टोबरच्या कॅपपेक्षा ८ टक्के स्वस्त आहे. म्हणजे वर्षभराच्या सरासरीत कॅप ८ टक्क्यांहून जास्त घसरली तरच तुम्ही तोट्यात. घसरेल का? मला विचारू नका, आणि सांगणाऱ्याचं ऐकू नका. ६,०००चं भाकीत करणारे लोक अडाणी नव्हते. पण एक गोष्ट भाकिताशिवाय सांगता येते. तुमचा बहुतेक गॅस ऑक्टोबर ते मार्चमध्ये जळतो. सप्टेंबरात केलेला फिक्स आधी हिवाळा पदरात पाडतो. एप्रिलनंतर कॅप उतरली तरी तुमच्या उन्हाळ्याच्या किरकोळ वापरावर त्याचा फरक किती पडणार? दोन पिझ्झे कमी, फार तर तीन.

दोन वर्षांच्या फिक्समध्ये हे उलटं होतं. त्यात दुसरा हिवाळासुद्धा आजच्या बाजारावर बांधलेला, दर आधीच जास्त, आणि एक्झिट फी प्रत्येकी ७५, म्हणजे १५०. ज्या घराला आपण एप्रिलमध्ये कुठे असू हेच माहीत नाही, त्याने २०२७च्या सप्टेंबरपर्यंत हात बांधून घ्यायचे? नको.

आणि आता एप्रिल. तो लेखी प्रश्न हाच: “आम्ही घर बदललं तर ही योजना नव्या घरी नेता येते का? आणि नेता आली नाही तर एक्झिट फी लागते का?” काही कंपन्या योजना बरोबर नेऊ देतात, काही देत नाहीत. फोनवर ‘हो हो, काही प्रॉब्लेम नाही’ म्हणणाऱ्याचं नाव विसरायला होतं, ईमेल विसरत नाही. पण समजा उत्तर वाईट आलं, फी लागते. तरी हिशोब करून पाहिला. अर्धी वीज आणि गॅसचा पाऊण भाग मार्चअखेरपर्यंत वापरला जातो असं धरलं आणि कॅप आहे तिथेच राहिली, तर तोवर तुमचे शंभर पौंडांच्या आसपास वाचलेले असतील. फी भरून बरोबरीत सुटाल. म्हणजे कॅप उतरली नाही तर वाईटात वाईट, खेळून बरोबरी. तेवढ्यासाठी हिवाळाभर दराची धाकधूक नाही, हे मला तरी चालेल. पण उत्तर गोलमोल आलं, किंवा आलंच नाही, तर ती कंपनी सोडा. तुलना करणाऱ्या संकेतस्थळावर आपली ३,६०० आणि १३,००० युनिटं टाकून पुन्हा बघा, त्याच भावाच्या आसपास आणखी एक-दोन तरी सापडतील. घरमालकाची परवानगी लागते का म्हणून काळजी करू नका. बिल तुमच्या नावावर आहे, तुम्हीच भरता, तर कंपनी बदलण्याचा हक्कही तुमचा. घरमालकाला कळवून ठेवा, संपलं.

सर्वात स्वस्त दर दिसला म्हणून मात्र आंधळेपणाने उडी मारू नका. हे माझ्या अनुभवाचं. २०२१च्या वसंतात मी एका छोट्या कंपनीचा फिक्स घेतला होता. इतका स्वस्त की भिशीत सगळ्यांना सांगत सुटले. त्या शरद ऋतूत कंपनी बुडाली. तेव्हा अशा तीसच्या आसपास कंपन्या बुडाल्या. ऑफजेमने आमची खाती दुसऱ्या कंपनीला दिली, वीज एक मिनिटही गेली नाही, जमा पैसेही मिळाले, पण तो दर गेला तो गेला. मी पुन्हा कॅपवर आले, आणि भिशीतल्या तिघीजणी माझ्यामुळे. त्यांतली एक अजून मला आर्थिक विषयावर बोलू देत नाही. त्यानंतर ऑफजेमने कंपन्यांच्या भांडवलाचे नियम कडक केलेत, तुमच्या कोटेशनवरची कंपनीही बरीच मोठी आहे, तेव्हा तुम्हाला ती भीती कमी. तरी इतर सगळ्यांपेक्षा खूप खाली दर दिसला की मी आता आधी कंपनीचं नाव बघते, मग आकडा.

सासूबाईंसाठी दोन गोष्टी. तुमच्या पत्राच्या शेवटी तळटीप होती की त्या शेगडी बारीक ठेवतात, आणि ‘शंभर युनिटांच्या वर गेलं की दर बदलतो’ म्हणून दिवे मालवत फिरतात. हे महावितरणचं गणित आहे, तिथे ते बरोबरच. पहिली १०० युनिटं एका दराने, पुढे ३०० पर्यंत चढ्या, मग आणखी चढ्या. इकडे तुमच्या दोन्ही योजनांत तसे टप्पे नाहीत. पहिलं युनिट जेवढ्याला, तीन हजारावं तेवढ्यालाच. आणि गॅस खातो तो बॉयलर: हीटिंग आणि गरम पाणी. शेगडीचा वाटा त्यात थेंबभर. त्यांना म्हणावं, पुरणपोळ्या खुशाल करा, बिलाचं पाप तुमच्या माथी नाही. न वापरलेल्या खोलीचा रेडिएटर बारीक केला तर वर्षभर शेगडी बारीक ठेवण्यापेक्षा जास्त वाचेल.

दुसरी गोष्ट पितृपक्षाची. मी काही त्यांच्याशी वाद घालायला सांगणार नाही. फिक्सचे दर कधीही बदलू शकतात, सर्वपित्री अमावस्येपर्यंत ही योजना थांबेल याची खात्री कुणी देणार नाही. पण कॅलेंडर तुमच्या बाजूने आहे. सोमवारी, १५ सप्टेंबरला अर्ज केलात, तर कंपनी बदलायला साधारण पाच कामाचे दिवस लागतात. म्हणजे २२ तारीख, घटस्थापना. काही कंपन्या करार रद्द करण्याची १४ दिवसांची मुदत उलटल्यावरच पुरवठा सुरू करतात. तसं झालं तर २९ तारीख, तेही नवरात्रच. त्या १४ दिवसांत मन बदललं तर एक पैसाही दंड न देता करार मागे घेता येतो, तेव्हा पक्षात तुम्ही फक्त विचारणा केलीत असं म्हणायला जागा आहे. सुरुवात देवीच्या दिवसांत.

ज्या दिवशी पुरवठा बदलेल त्या दिवशी दोन्ही मीटरचे फोटो काढा, स्मार्ट मीटर असला तरी. जुन्या कंपनीने सहा आठवड्यांच्या आत शेवटचं बिल दिलं का आणि १४० पौंडांपैकी उरलेले परत आले का, ते बघा. आणि फोनमध्ये पुढच्या वर्षीच्या १० ऑगस्टची आठवण लावून ठेवा. फिक्स संपायच्या शेवटच्या ४९ दिवसांत एक्झिट फी लागत नाही. तेव्हा ही तीन ओळींची बेरीज पुन्हा मांडायची. यजमानांकडून मांडून घ्या.

तुमची,
ताई